विश्लेषण : संगणक ‘स्लीप’ करायलाही पासवर्ड? लिनक्सवर हा अधिकार नेमका कुणाला?

छत्रपती संभाजीनगर : जुन्या संगणकावर लिनक्स टाकून घेतले, काम सुरळीत सुरू झाले आणि एके दिवशी ‘सस्पेंड’वर क्लिक करताच पडद्यावर चौकट आली : अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाका. काही इन्स्टॉल करायचे नाही, कुणाची फाइल उघडायची नाही, संगणक फक्त झोपवायचा आहे. त्यालाही पासवर्ड? अभ्यासिका, सेवा केंद्रे, कॉलेजच्या लॅब, छोटी कार्यालये अशा जिथे एक संगणक अनेक जण वापरतात, तिथे हा प्रश्न हमखास येतो. त्यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड सर्वांना सांगून टाकणे. हाच उपाय सर्वात महागात पडू शकतो. पासवर्ड का मागितला जातो, केव्हा मागितला जात नाही आणि सामान्य वापरकर्त्याला तेवढाच एक अधिकार कसा देता येतो, ते पाहू.

हा विषय आताच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक जुने संगणक त्या यादीबाहेर राहिले. अशा यंत्रांवर उबंटू, लिनक्स मिंट, डेबियन यांसारख्या मुक्त प्रणाली टाकणे हा बिनपैशाचा पर्याय आहे. पण ज्याने प्रणाली टाकून दिली तो अ‍ॅडमिन आणि रोज वापरणारे मात्र साधे युजर, अशी विभागणी तिथून सुरू होते.

मराठी वापरकर्त्यांना लिनक्स तसे नवे नाही. २००७ पासून टप्प्याटप्प्याने राबवल्या जात असलेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकांसाठी उबंटू लिनक्स स्वीकारले. न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. खटल्यांची नोंद ठेवणारी ‘केस इन्फर्मेशन सिस्टीम’, म्हणजेच सीआयएस, ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात तयार झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत. थोडक्यात, तंत्रज्ञ नसलेली माणसे रोज लिनक्सवर काम करत आहेत आणि ‘झोपवायचे कुणी’ हा प्रश्न त्यांचाही आहे.

‘सस्पेंड’ म्हणजे नेमके काय होते?

संगणक सस्पेंड केला की उघडी असलेली सगळी कामे रॅममध्ये तशीच राहतात. रॅमला थोडी वीज मिळत राहते. प्रोसेसर, डिस्क, पडदा, पंखे असे बाकीचे भाग थांबतात. बटण दाबले की काही सेकंदांत सगळे होते तिथून पुढे सुरू होते. ‘हायबरनेट’मध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि यंत्र पूर्ण बंद होते.

हा फरक आपल्याकडे महत्त्वाचा आहे. सस्पेंड केलेल्या डेस्कटॉपची वीज गेली आणि मागे इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल, तर सेव्ह न केलेले काम गेले. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे तो तगून राहतो. उन्हाळ्यात वीज जाण्याचे प्रमाण वाढते, तेव्हा झोपवण्याआधी फाइल सेव्ह करण्याची सवय हवीच.

मग झोपवायचे कशाला? एक साधा हिशोब करा. समजा, एका लॅबमध्ये २० संगणक आहेत, ते रात्री १४ तास चालूच राहतात आणि प्रत्येकाला ४० वॅट वीज लागते. एका रात्रीत ११.२ युनिट, म्हणजे महिन्यातल्या २५ रात्रींत २८० युनिट झाले. झोपलेल्या संगणकाला २ वॅट लागतात असे धरले, तर हाच आकडा १४ युनिटवर येतो. बटण दाबण्याचा अधिकार लॅबमध्ये बसणाऱ्यांना नसेल, तर ही बचत कागदावरच राहते.

झोपवायला परवानगी कशाला लागते?

लिनक्सचा वारसा युनिक्सचा आहे. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेक जण काम करतात, हे त्यात मुळापासून गृहीत धरलेले आहे. तुमच्या फाइल तुमच्या असतात, पण यंत्र सगळ्यांचे असते. संगणक झोपला की सगळ्यांचीच कामे थांबतात. शेजारच्या खोलीतून नेटवर्कवरून जोडलेल्या सहकाऱ्याची फाइल अर्धी राहते, प्रिंटरची रांग अडकते, रात्रीसाठी लावलेला बॅकअप होत नाही. म्हणून यंत्र झोपवणे हा वैयक्तिक निर्णय न मानता यंत्राच्या मालकाचा, म्हणजे ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा, निर्णय मानला गेला. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, झोपेचा आदेश ज्या फाइलमधून दिला जातो, तिच्यात लिहिण्याचा हक्क आजही फक्त रूटलाच आहे.

घरच्या लॅपटॉपवर मात्र हे तर्कशास्त्र विचित्र वाटते. यंत्र मांडीवर आहे, दुसरे कुणी नाही, तरी परवानगी कुणाची घ्यायची? मुक्त डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी गेली दोन दशके ज्या गुंत्यावर काम केले, तो हाच.

पूर्वी हे कसे चालायचे?

सुरुवातीला दोनच मार्ग होते. एक म्हणजे ‘सुडो’ ही कमांड वापरून रूटचा अधिकार तात्पुरता घेणे. दुसरा म्हणजे ठरावीक गटात नाव घालणे. डेबियनमध्ये यासाठी ‘पॉवरडेव्ह’ नावाचा गट होता. गटात नाव आले की अधिकार कायमचा मिळे. ती व्यक्ती यंत्रासमोर बसलेली आहे की दुसऱ्या गावाहून जोडलेली आहे, याने फरक पडत नसे.

पुढे हार्डवेअर सांभाळणारी ‘हॅल’, कोण लॉगइन आहे ते पाहणारी ‘कन्सोलकिट’ आणि परवानगी ठरवणारी ‘पॉलिसीकिट’ अशी व्यवस्था आली. पॉलिसीकिट रेड हॅटचे अभियंते डेव्हिड झॉयथेन यांनी लिहिली. २०१२ मध्ये तिचे नाव ‘पोल्किट’ झाले. त्याच सुमारास ‘सिस्टिमडी’ या प्रणालीतील ‘लॉगइनडी’ने कन्सोलकिटची जागा घ्यायला सुरुवात केली. २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ यांनी सिस्टिमडी मुख्य म्हणून स्वीकारली. आज बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर सस्पेंडचा निर्णय पोल्किट आणि लॉगइनडी मिळून घेतात.

आता निर्णय कसा होतो?

तुम्ही मेनूतून सस्पेंड निवडता. ग्नोम, केडीई किंवा सिनॅमन यांपैकी जो डेस्कटॉप असेल तो लॉगइनडीकडे विनंती पाठवतो. विनंती करणारा युजर यंत्रासमोर बसला आहे का, त्याचे सत्र आत्ता पडद्यावर आहे का, आणखी कुणी लॉगइन आहे का, ही माहिती लॉगइनडी ठेवते. मग पोल्किटला विचारले जाते की अशा स्थितीतल्या माणसाला हे काम करू द्यायचे का. होकार आला की लॉगइनडी स्वतःकडच्या रूट अधिकाराने यंत्र झोपवते. म्हणजे युजरच्या हातात रूटचा अधिकार क्षणभरही येत नाही, त्याच्या वतीने एक काम करून दिले जाते.

पोल्किट प्रत्येक कामासाठी तीन परिस्थितींचे उत्तर तयार ठेवते.

१. यंत्रासमोर बसलेला आणि ज्याचे सत्र पडद्यावर चालू आहे असा युजर : सस्पेंडसाठी मूळ उत्तर ‘हो’. पासवर्ड लागत नाही.

२. यंत्रावर लॉगइन असलेला, पण ज्याचे सत्र मागे पडले आहे (पडद्यावर दुसऱ्याचे सत्र आहे) असा युजर : अ‍ॅडमिनचा पासवर्ड हवा.

३. बाकी सगळे, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेले : अ‍ॅडमिनचा पासवर्ड हवा.

इथे पद, गट, मालकी यांपेक्षा ‘यंत्रासमोर कोण आहे’ या गोष्टीला महत्त्व दिलेले दिसते. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. समोर बसलेला माणूस तसाही वायर उपसू शकतो. त्याला झोपेचे बटण नाकारून काही साधत नाही. दूर बसलेल्याला वायर उपसता येत नाही, म्हणून त्याच्याकडून खात्री मागितली जाते.

मग समोर बसूनही पासवर्ड का मागतो?

याची नेहमीची कारणे चार आहेत.

पहिले, दुसऱ्या कुणाचे तरी सत्र उघडे आहे. सकाळच्या पाळीतल्या कर्मचाऱ्याने लॉगआउट न करता फक्त ‘स्विच युजर’ केले, तर यंत्रावर दोघे जण असतात. ‘इतर लॉगइन असताना सस्पेंड करणे’ हे पोल्किटच्या यादीत वेगळे काम आहे. त्याचे उत्तर प्रणाली आणि आवृत्तीनुसार बदलते.

दुसरे, एखाद्या प्रोग्रामने ‘आत्ता झोपवू नका’ असे सांगून ठेवले आहे. अपडेट सुरू असताना किंवा सीडी-डीव्हीडी लिहिताना असे अडथळे लावले जातात. त्यांना ‘इनहिबिटर’ म्हणतात. ते डावलायचे तर अ‍ॅडमिनच लागतो आणि ते योग्यही आहे. अपडेट अर्धवट थांबले तर यंत्र सुरू होतानाच अडू शकते. कोणता प्रोग्राम अडवतो आहे, हे ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ या कमांडच्या यादीत दिसते.

तिसरे, तुम्ही समोर आहात हे प्रणालीला कळलेच नाही. रिमोट डेस्कटॉपवरून जोडलेला युजर यात येतो. जुन्या यंत्रासाठी हलका डेस्कटॉप निवडून तो हाताने सुरू केला असेल, तरी सत्राची नोंद नीट होत नाही. पासवर्ड विचारणारा पोल्किटचा सहायक प्रोग्रामच चालू नसेल, तर चौकटही येत नाही. बटण दाबले तरी काहीच घडत नाही आणि युजरला वाटते की संगणक बिघडला.

चौथे, तुम्हाला सस्पेंड नको आहे, हायबरनेट हवे आहे. उबंटूने २०१२ मधल्या १२.०४ या आवृत्तीपासून हायबरनेट मुळात बंद ठेवले, कारण अनेक यंत्रांवर ते भरवशाने चालत नव्हते. ते हवे असेल तर अ‍ॅडमिनने मुद्दाम चालू करावे लागते.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड सांगून टाकला तर काय बिघडते?

लिनक्समध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड म्हणजे सगळ्या कुलपांची एकच किल्ली. सस्पेंडसाठी म्हणून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा तोच पासवर्ड कुणाच्याही फाइल उघडतो, नवे खाते तयार करतो, कीबोर्डवरची प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम बसवू शकतो, इतर सगळ्यांचे पासवर्ड बदलू शकतो. सेवा केंद्राच्या संगणकावर लोकांची आधार कार्डे, सातबारा, बँक पासबुकच्या स्कॅन प्रती असतात. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे असतात. झोपवण्याच्या सोयीसाठी हे सगळे उघडे टाकणे म्हणजे दिवा मालवता यावा म्हणून तिजोरीची किल्ली वाटण्यासारखे आहे.

आणखी एक तोटा असा की, पुढे काही गडबड झाली तर ती कुणी केली हे कळायला मार्ग राहत नाही. किल्ली सगळ्यांकडेच होती.

फक्त सस्पेंडचा अधिकार कसा द्यायचा?

पोल्किट उपयोगी पडते ते इथे. अ‍ॅडमिनने आधी एक गट तयार करायचा, उदाहरणार्थ ‘लॅब’, आणि ज्यांना अधिकार द्यायचा त्यांना त्यात घालायचे. मग ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘पोल्किट-१’ या फोल्डरात ‘रूल्स’ची जी जागा आहे, तिथे एक छोटी नियम फाइल ठेवायची. २०१२ पासून हे नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. त्यातली अट मराठीत वाचली तर अशी असते : ‘मागितलेले काम सस्पेंड किंवा इतर लॉगइन असताना सस्पेंड असेल, मागणारा लॅब गटात असेल आणि तो यंत्रासमोर असेल, तर हो म्हण.’ कोडच्या पाच-सात ओळींत हे बसते.

यात चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

कामांची नावे नेमकी लिहा. ‘लॉगइनडीची सगळी कामे’ असा ढोबळ नियम केला तर इतर लॉगइन असताना यंत्र बंद करणे, अडथळे डावलणे असे सगळेच मोकळे होते.

‘यंत्रासमोर’ ही अट काढू नका. ती काढली तर नेटवर्कवरून जोडलेला गटातला कुणीही यंत्र झोपवू शकेल आणि ते उठवायला मात्र कुणाला तरी प्रत्यक्ष जावे लागेल.

पोल्किटसोबत आलेल्या मूळ फाइल बदलू नका. पुढच्या अपडेटमध्ये त्या पुन्हा पहिल्यासारख्या होतात आणि ‘कालपर्यंत चालत होते’ अशी तक्रार सुरू होते. आपला नियम वेगळ्या फाइलमध्येच ठेवा. एकाच कामासाठी अनेक नियम असतील तर आधी उत्तर देणारा नियम चालतो आणि हा क्रम फाइलच्या नावावरून ठरतो. म्हणून नावाच्या सुरुवातीला दोन आकडे देण्याची पद्धत आहे.

आपली आवृत्ती तपासा. डेबियन आणि उबंटू बरीच वर्षे पोल्किटच्या ०.१०५ या जुन्या आवृत्तीवर थांबले होते. तिथे नियम वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या फोल्डरात लिहावे लागत. डेबियन १२ (२०२३) आणि उबंटू २४.०४ मध्ये नवी पद्धत आहे. जुन्या लेखातले नियम नव्या यंत्रावर चालत नाहीत, त्याचे हे मुख्य कारण. नियम ठेवल्यावर साध्या युजरच्या खात्यातून करून पाहा. अ‍ॅडमिनच्या खात्यातून केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

जिथे झोपवायचेच नाही, तिथे?

उलट गरजही तितकीच खरी आहे. कार्यालयातल्या एका संगणकावर सगळ्यांच्या फाइल असतील, तर तो कुणाच्याही हातून झोपता कामा नये. मार्च २०१८ मध्ये आलेल्या ग्नोम ३.२८ या आवृत्तीने वीजजोडणी चालू असतानाही २० मिनिटे वापर न झाल्यास यंत्र आपोआप झोपेल, असे ठरवले. लॅपटॉपसाठी ते ठीक होते. पण डेस्कटॉपलाच सर्व्हर करून वापरणाऱ्यांची यंत्रे मध्येच गायब होऊ लागली, कारण नेटवर्कवरून चाललेले काम हे डेस्कटॉपच्या दृष्टीने ‘वापर’ नव्हते.

अशा यंत्रावर पोल्किटच्या नियमात ‘हो’ऐवजी ‘नाही’ लिहिता येते. त्याहून पक्का उपाय म्हणजे सिस्टिमडीतील झोपेची सगळी लक्ष्ये ‘मास्क’ करणे, म्हणजे ती वाटच बंद करणे. मग मेनूतून, बटणाने किंवा आपोआप, कशानेही यंत्र झोपत नाही.

परवानगी देणारी व्यवस्थाच कच्ची असेल तर?

ही शंका रास्त आहे, कारण तसे घडलेले आहे. पुण्यातही मोठे केंद्र असलेल्या क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २५ जानेवारी २०२२ रोजी पोल्किटसोबत येणाऱ्या ‘पीके-एक्झेक’ या साधनातली त्रुटी जाहीर केली. तिला ‘प्वनकिट’ नाव मिळाले. यंत्रावर साधे खाते असलेला कुणीही तिच्या आधारे पासवर्डशिवाय रूट होऊ शकत होता. ही चूक मे २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १२ वर्षांहून अधिक काळ, तिथेच होती. प्रमुख लिनक्स प्रणालींनी दुरुस्ती दिली. पण ज्या यंत्रांवर अपडेट घेतले जात नाहीत, तिथे ती दुरुस्ती पोहोचतच नाही.

त्यामुळे ‘लिनक्स आहे, व्हायरस येत नाही’ म्हणत वर्षानुवर्षे अपडेट न करणे धोक्याचे आहे. अनेक जण वापरत असलेल्या यंत्रावर तर जास्तच.

तुम्ही काय करावे?

घरचा लॅपटॉप असेल तर बहुधा काहीच करावे लागणार नाही. पासवर्ड मागितलाच तर आधी दुसरे सत्र उघडे आहे का आणि अपडेट चालू आहे का, एवढे पाहा.

सामायिक संगणक असेल तर प्रत्येकाला वेगळे खाते द्या आणि अ‍ॅडमिनचे खाते रोजच्या कामाला वापरू नका. सस्पेंडचा नियम गटापुरता ठेवा. झोपेतून उठताना पडदा कुलूपबंद राहील, ही सेटिंग चालू आहे ना ते तपासा. सस्पेंड म्हणजे लॉगआउट नव्हे. कुलूप नसेल तर पुढे येऊन बटण दाबणाऱ्याला तुमचे उघडे काम जसेच्या तसे मिळते.

आणि मॉनिटरच्या कडेला अ‍ॅडमिन पासवर्डची चिठ्ठी असेल, तर आज आधी पासवर्ड बदला आणि मग ती चिठ्ठी काढा. चिठ्ठी नुसती काढून भागत नाही, ती वाचलेल्यांना पासवर्ड पाठ झालेला असतो.